फोटोबरोबरची उडी

एकदा एक उंच मुलगी होती. तिचा अपराध म्हणाल तर एवढाच, की ती उशिरा जन्माला आली होती.

तिचं नाव प्रणिता. कृष्णाकाठच्या एका गावातल्या बास्केटबॉल मंडळात ती सेंटर म्हणून खेळे. ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो : सेंटर म्हणजे बहुधा संघातला सर्वांत उंच खेळाडू, रिंगखालच्या जागेचा राखणदार. सामन्याच्या आरंभी मैदानाच्या मधल्या वर्तुळात दोन्ही संघांचे सेंटर समोरासमोर उभे राहतात. पंच चेंडू वर फेकतो, दोघं उडी मारतात आणि ज्याचा हात आधी पोचेल तो चेंडू आपल्या साथीदारांकडे ढकलतो. एवढं कळलं तरी पुढची गोष्ट समजायला पुरे आहे.

मंडळाच्या कचेरीत सुमतीताई दळवींचा हार घातलेला फोटो होता. मैदान मातीचं होतं आणि मुली कॅनव्हासचे पांढरे बूट घालून खेळत, त्या काळातल्या या सेंटर. त्यांना जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मंडळाचा रिवाज असा, की सामन्याला निघण्यापूर्वी सेंटरनं त्या फोटोच्या पाया पडायचं. रिवाज चांगला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण पाया पडून पोरगी वर होते न होते तोच मागून कोणीतरी हमखास म्हणे, "सुमतीताईंची सर काही कोणाला यायची नाही." आता तुम्हीच सांगा, लढायला निघालेल्या पोरीला हा आशीर्वाद म्हणायचा की शाप?

सुमतीताईंच्या नंतर एस्तेर साळवे आल्या. त्यांनाही गावानं हेच ऐकवलं. त्यांचा खेळ संपला, गुडघे गेले, जिना चढताना कठडा धरावा लागू लागला, तेव्हा कुठं गावाला त्यांची थोरवी दिसली. मग लोक म्हणू लागले, "सुमतीताई आणि एस्तेरबाई. बस्स! त्यानंतर सेंटर झालीच नाही." म्हणजे आपल्याकडे थोर व्हायचं तर माणसानं एक तर मरावं, नाहीतर निदान गुडघे तरी घालवावेत!

मैदानाच्या कठड्यावर बसणारी मंडळी या दोघींवरून तासन् तास भांडत. एक म्हणे, सुमतीताई रिंगकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि मान न वळवता चेंडू आत टाकायच्या. दुसरा म्हणे, अहो, एस्तेरबाईंच्या हाताखालून चेंडू न्यायची कोणाची छाती नव्हती. या वादाला अंत नव्हता. एकमत फक्त एका बाबतीत होतं, की प्रणिता या दोघींच्या पासंगालाही पुरत नाही. का, तर ती सेंटर असून रिंग सोडून बाहेर येते आणि लांबून चेंडू टाकते! सेंटरनं कसं, खांबासारखं एका जागी रोवून राहावं.

रोज कानीकपाळी तेच ऐकून पोरीच्या मनात ते भिनलं. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात तिला बाहेर मोकळी जागा मिळाली, चेंडू हातात आला, आणि ती थबकली. फोटोतल्या बाईनं काय केलं असतं, याचा विचार करत बसली. मग उगाच गर्दीत घुसली, रिंगकडे पाठ करून उभी राहिली आणि चेंडू घालवून बसली. असं वारंवार झालं. सामना संघानं कसाबसा जिंकला, पण प्रणिता मान खाली घालून बाहेर आली.

मंडळाचे अध्यक्ष गावातले कापडाचे व्यापारी होते. सगळे त्यांना शेठजी म्हणत. माणूस वाईट नव्हता, खेळावर त्याचा जीव होता. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी सुमतीताईंचा खेळ पाहिला होता, आणि खांद्यावरून जे दिसतं ते आयुष्यभर मोठंच राहतं. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सर्वांना मैदानावर बोलावलं. एस्तेरबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. आणि संघाचे वृद्ध प्रशिक्षक, ज्यांना सारं गाव गुरुजी म्हणे, ते काठी टेकून उभे होते. गुरुजींनी या तिघींनाही शिकवलं होतं. ते फार कमी बोलत. जास्त बोललं की मुलं ऐकायचं सोडून देतात, असं त्यांचं मत होतं.

"गुरुजी," शेठजी म्हणाले, "मी स्पष्टच बोलतो. बाहेरगावची एक सेंटर मी बघून ठेवली आहे. नियमात बसतं, तेही विचारून घेतलंय. गाडी पाठवायचाच अवकाश आहे. पण तुमचा शब्द मी मोडणार नाही. तिघी तुमच्या हाताखालच्या. तुम्हीच सांगा, यांच्यात मोठी कोण? ही पोरगी सुमतीताईंच्या तोडीची आहे असं तुम्ही म्हणालात, तर उद्या ती खेळेल. नसेल, तर उद्या बाकावर बसेल."

प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते कोणाला दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधायला घेतली, जी सुटलेलीच नव्हती.

गुरुजी म्हणाले, "ठीक आहे. आत्ता निकाल लावून टाकू. कचेरीतून सुमतीचा फोटो आणा. आणि एक खुर्ची."

लोक चक्रावले, पण फोटो आला. गुरुजींनी खुर्ची मधल्या वर्तुळात ठेवली, तिच्यावर फोटो उभा केला, वाऱ्यानं पडू नये म्हणून हार खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला. "प्रणिता, समोर उभी राहा. मी चेंडू फेकतो. उडी मार."

"गुरुजी, मी... फोटोसमोर?" ती कावरीबावरी झाली. "मी रोज त्यांच्या पाया पडते."

"पाया पडून झालं ना? मग आता खेळ."

गुरुजींनी काठी बगलेत धरली आणि चेंडू वर फेकला. प्रणिता जागची हलली नाही. चेंडू खाली आला, टप्पे खात कठड्याकडे गेला. गुरुजींनी तो परत मागवला. "मी काय सांगतोय ते ऐकू येत नाही का?" असं ते इतक्या कडक आवाजात म्हणाले, की कठड्यावरची मंडळीसुद्धा सावरून बसली. चेंडू पुन्हा वर गेला. या वेळी प्रणितानं उडी घेतली आणि चेंडू आपल्या साथीदारिणीकडे ढकलला.

"प्रणिता जिंकली," गुरुजींनी जाहीर केलं. "सुमती हरली. शेठ, लागला निकाल. उद्या ही खेळेल."

एकच गलका झाला. शेठजी तर संतापानं लाल झाले. "गुरुजी, वयाचा मान आहे म्हणून गप्प बसतो, नाहीतर... हा काय पोरखेळ? त्या माउलीची अशी थट्टा? अहो, फोटो कशी उडी मारेल?"

"नाही ना मारणार?" गुरुजी म्हणाले. "मग शेठ, मी एकदा केलं ते तुम्हाला इतकं झोंबलं. तुम्ही सगळे तर रोज हेच करता! रोज या पोरीला या फोटोसमोर उभं करता आणि रोज फोटोला जिंकवता. मी निदान जी हलली तिला गुण दिला."

कठड्यावरच्या माना खाली गेल्या.

"फोटोला घाम येत नाही," गुरुजी पुढं बोलू लागले. "त्याच्या हातून चेंडू सुटत नाही, पायात गोळा येत नाही. तो हरत नाही, कारण तो खेळतच नाही. सुमती अशी नव्हती हो! तिला मी घडवलंय. सामन्याआधी भीतीनं ती तीनतीनदा पाणी प्यायला जायची. एकदा सोपा चेंडू हुकला म्हणून इथंच, या खांबाला धरून ती हमसून हमसून रडली होती. आणि 'बाईमाणसानं असल्या उड्या मारणं शोभतं का' असं विचारायला जी माणसं माझ्या दारात आली होती ना, पुढं तिच्या फोटोला पहिला हार त्यांनीच घातला. तुम्ही तिची थोरवी गाता, पण तिची हिंमत विसरलात. हार तुम्ही त्या काचेला घालता."

"शेठ," एस्तेरबाई खुर्चीतून म्हणाल्या, "मी खेळायचे तेव्हा तुम्ही याच कठड्यावर बसायचात. काय ओरडायचात, आठवतं? 'ही म्हैस मैदानात कोणी सोडली?' आता भेटलात की वाकून नमस्कार करता. नमस्कार छान आहे. पण तेव्हा एखादी टाळी दिली असतीत, तर मला जास्त उपयोगाची झाली असती."

शेठजींच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

आता प्रणितानं धीर केला. "पण गुरुजी, खरं सांगा. तिघींत मोठी कोण?"

"मला माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "तिघींना मी शिकवलं, तरी मला माहीत नाही. तेव्हा जो छातीठोकपणे सांगतो, त्याला काय माहीत असणार ते तूच ठरव. हे बघ, पूर्वी रिंगखालची ती रेघांची जागा अरुंद होती. दांडगे सेंटर तिथं ठाण मांडून बसत. कोणाला आवरत नसत, म्हणून नियम करणाऱ्यांनी ती जागा रुंद केली, आत तीन सेकंदांहून जास्त थांबायला बंदी घातली. म्हणजे काय झालं? आधीचे इतके मोठे निघाले की त्यांनी पुढच्यांचं काम अवघड करून ठेवलं. सुमतीला जे मिळालं ते एस्तेरला मिळालं नाही, आणि एस्तेरला मिळालं ते तुला नाही. तुला बाहेर यावं लागतं, लांबून टाकावं लागतं, धावून परत रिंगखाली पोचावं लागतं. हे तुझं लाडावलेपण नाही, पोरी. तुझ्या वाटणीला आलेला खेळच तो आहे. तू सुमतीसारखी उभी राहिलीस तर तू तिची नक्कल होशील, आणि नक्कल नेहमी अस्सलापेक्षा थिटीच पडते. सुमतीनं कोणाची नक्कल केली नव्हती. तिच्यासारखं व्हायचं असेल तर तेवढं एक कर."

शेठजी वर्तुळातल्या खुर्चीपाशी गेले, फोटो स्वतःच्या हातांनी उचलला आणि म्हणाले, "गाडी पाठवत नाही. खेळू दे तिला."

एरवी अशा गोष्टीत दुसऱ्या दिवशी मुलगी सामना जिंकते आणि सगळे तिला खांद्यावर घेतात. तुम्हाला तसं ऐकायचं असेल तर माझा नाइलाज आहे. अंतिम सामना ते हरले. थोडक्यात हरले, पण हरले. मात्र प्रणिता त्या दिवशी एकदाही थबकली नाही. मोकळी जागा दिसली की बाहेर येऊन चेंडू टाकत होती. काही गेले, काही नाही गेले. शेवटचा चेंडूही तिनंच टाकला, लांबून. तो रिंगला लागला, काठावर फिरला आणि बाहेर पडला.

ती बाकावर बसून तोंडावरून पाणी ओतत होती, तेव्हा शेठजी जवळ आले. माणूस हळहळला होता, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वर्षानुवर्षांची जीभ ती, घसरलीच. "सुमतीताई असत्या ना आज, तर..."

प्रणितानं मान वर केली. आदल्या दिवशी हीच मुलगी न सुटलेली नाडी बांधत होती, हे सांगूनही कोणाला खरं वाटलं नसतं.

"सुमतीताई असत्या ना शेठजी," ती म्हणाली, "तर मी त्यांच्याविरुद्ध खेळले असते. कदाचित हरलेही असते. पण त्यांना घाम फोडल्याशिवाय सोडलं नसतं. आणि मला वाटतं, पाया पडण्यापेक्षा त्यांना तेच जास्त आवडलं असतं."

गुरुजी तिथंच उभे होते. शेठजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा प्रणिताकडे पाहिलं, आणि मग बाकावरचे ओले टॉवेल बाजूला सारून ते तिच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "तो शेवटचा चेंडू... हातातून थोडा आधी सुटला का गं?"

"हो," ती म्हणाली. "उद्यापासून त्याचाच सराव."

आपल्या पूर्वसूरींपुढे जरूर वाकावं. पण वाकून झालं की ताठ उभं राहावं, कारण वाकलेल्या माणसाला उडी मारता येत नाही.