शाब्लीची दुसरी बाटली

बूच काढताच शाल्मलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि ती दचकली. ही शाब्ली, म्हणजे फ्रान्सची पांढरी वाइन, तिला वाइन शिकवणाऱ्या तिथल्या गास्पारकाकांनी बनवलेली. त्यांच्या आवाजाला ती आसुसली होती, पण महिनाभर ते फोन उचलत नव्हते.

"वा! अस्सल फ्रेंच माती!" ती वाइन वाढायची त्या नाशिकच्या हॉटेलात आलेले वाइनतज्ज्ञ रांगणेकर घोट घेऊन म्हणाले.

"सर, बूच खराब निघालंय, त्यानं वाइन बिघडलीय."

"मला शिकवतेस? मालक, काढून टाका हिला!"

तिने त्याच खोक्यातली दुसरी बाटली ओतली. लिंबू, हिरवं सफरचंद दरवळलं. "ती अस्सल असेल, तर सर, ही खराब असणार. परत पाठवू?"

रांगणेकरांनी घोट घेतला, पापलेटचा तुकडा खाल्ला आणि बाटली जवळ ओढली. "राहू दे."

"बाटली की पोरगी?" मालकांनी विचारलं.

"दोन्ही."

बाहेर येऊन तिने पुन्हा काकांना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी खोकलं, मग तोच ओळखीचा आवाज आला. "अलो? शाल्मली?"