फेरातली मोकळी जागा

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका पाड्यातली माणसं दर कापणीनंतर भिंती शेणागेरूने सारवायची आणि तांदळाच्या पिठाने त्यांवर नाचाचा फेर काढायची. घरात जितकी माणसं, तितकी फेरात.

राजाला वाटलं, इथली पोरं रानटी. शहाणी करायला म्हणून त्याने ती गाड्यांत घालून किल्ल्यावर नेली. राजांना असले परोपकार फार सुचतात!

बारा वर्षांनी राजा मेला आणि पोरं परतली. नुसती अंगाने परतली. आईबापाची बोली कळायची, पण जिभेवर येईना. सगळी मोहाच्या झाडाखाली गप्प बसून राहत. भगताने अंगारा लावला, धूप घातला, गुण येईना.

त्यांतल्या एका मुलीने परत किल्ल्यावर जायचं ठरवलं. इथे आपल्यावाचून कुणाचं काय अडलं होतं?

निघताना तिने आईची भिंत पाहिली. फेरात एका ठिकाणी दोघांचे हात सुटलेले होते. किल्ल्यावर ती चित्रं शिकली होती आणि तिथे चुकीला छडी मिळे. जाता जाता आईचं एवढं तरी काम करावं, म्हणून तिने काडी पिठात बुडवली आणि ते दोन हात लांबवून जोडून टाकले.

आई धावत आली. "काय केलंस गं बाय हे!"

"चूक होती. नीट केली," मुलगी किल्ल्यावरच्या बोलीत म्हणाली.

"चूक नव्हं ती. हा हात माझा, तो तुझ्या बापाचा. मधली जागा तुझी. शेजारणी म्हणायच्या, बुजव आता, पोर काय येत नाय. माझा हात नाय धजला."

"दर वर्षी सोडलीस?"

"दर वर्षी."

मुलगी रडली, खूप रडली. मग तिने ओल्या गेरूने ते जोडलेले हात पुसले आणि मध्ये स्वतःला काढलं. एक पाय वाकडा आला, तशी तिने घाबरून आईकडे पाहिलं.

"असू दे," आई म्हणाली. "नाचताना कुणाचा पाय सरळ असतो?"

हे पाहून मोहाखालची पोरं एकेक करून उठली आणि आपापल्या घरच्या भिंतीवर आपली जागा शोधू लागली. प्रत्येकाला ती सापडली. त्या वर्षी पाड्यात तारपा वाजला, तेव्हा मोहाखाली कुणीच बसलेलं नव्हतं.

गेलेली बारा वर्षं मात्र परत आली नाहीत. त्यांची हुरहूर आईला शेवटपर्यंत राहिली.

बाळांनो, मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याची जागा कुणीतरी राखून ठेवलेली असते, त्याचीच जखम भरून येते.