वेशीबाहेरची वळकटी

माझे दात पडलेत, शाळा मी तिसरीत सोडली, आणि मास्तरांवरची गोष्ट म्हणे मीच सांगायची. सांगतो. मध्ये कुणी खोकू नका.

फार मागं, कुणाच्या पणज्यालाही आठवणार नाही अशा काळी, नदीकाठी एक गाव होतं. शेतं सगळी पलीकडच्या तीराला, म्हणून तिथं पोरांना अक्षराआधी पोहायला शिकवत. त्यासाठी एक गुरुजी ठेवलेले. रीत अशी, की पाडव्याला गुरुजींची वळकटी वेशीबाहेर ठेवायची. पोरांनी डोह पार करून दाखवला तर वळकटी आत, नाहीतर गुरुजींनी ती उचलून तिथूनच वाट धरायची.

वळकटी दरसाल आत येई. पाटलाला या रीतीचा भारी अभिमान.

एकदा पाटलाची नात नदी ओलांडताना धारेत सापडली. म्हशीचं शेपूट हाती लागलं म्हणून वाचली. पाटील हादरला. पोहता येत नाही तर परीक्षेत काय करतेस, म्हणून त्यानं विचारलं.

"गुरुजी मला पाडव्याला ताप आणतात, आबा," नात म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. तयार पोरं तेवढी डोहात उतरवायची, कच्ची घरी निजवायची. धारेत तर कुणालाच नेलं नव्हतं, कारण परीक्षा डोहात. गुरुजींनी काही लपवलं नाही. घरात खाणारी तोंडं आहेत, वेशीबाहेरची वळकटी डोळ्यांपुढं आली की पोरं दिसत नाहीत, म्हणाले.

पाटलाला ते पटलं. त्यानं गावासमोर वळकटीची दोरी सोडली. "आजपासून गुरुजी मरेपर्यंत आपले."

आता हे जीव ओतून शिकवतील, असं त्याला वाटलं. पुढं एक दिवस नदीवर गेला, तर पोरांना तरंगायला पाठीला बांधायचे भोपळे झाडाला टांगलेले, पोरं चिखलात लोळतायत, आणि गुरुजी त्याच अंथरुणावर घोरतायत.

पाटलानं अंथरूण ओढून घेतलं, काखेत मारलं आणि वेशीकडं निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. बाहेर ठेवावं तर हा लबाडी करणार, आत ठेवावं तर झोपणार. त्यानं डोकं खाजवलं, पागोटं काढून परत खाजवलं. तसाच मागं फिरला.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. तुम्हाला भीती घालू का भीती काढू?"

गुरुजी म्हणाले, "आधी तुम्ही वळकटीकडं बघत होता. आता कशाकडंच बघत नाही. पोर धारेत किती टिकतं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही, पाटील."

दुसऱ्या दिवशी पाटलानं ते अंथरूण काठावर टाकलं आणि स्वतःच त्यावर बसला. रोज बसू लागला. नातीचा दम कुठं तुटतो, कुठलं पोर पाण्याला भितं, विचारू लागला. सांगता सांगता गुरुजी पाण्यात उतरले. मग बाकीचे आईबापही येऊन बसू लागले. पाडव्याला गुरुजींनी कच्ची पोरंसुद्धा धारेत घातली, आणि नातीनं पाठीचा भोपळा सोडून पलीकडचा तीर गाठला.

लोकांनी विचारलं, गुण कशाचा आला? गुरुजींना कायम केल्याचा, की तुम्ही बसल्याचा?

"ते कळलं असतं तर एवढं ऊन खाल्लं असतं का मी?" पाटील म्हणाला. "पण आता उठायचा नाही."

तात्पर्य काय, तर मास्तराला काढायची भीती घाला नाहीतर जन्माचा कायम करा, तुमचं लक्ष पोरांवर नसेल तर दोन्ही फुकट.

आणि मला शाळेतलं काय कळतंय, असं चारचौघांत म्हणून हसलेल्या ज्ञानू चौगुल्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही.