तांबड्या भिंतीच्या दरजा

"मग चीर पडली कुठं?" आप्पाजींनी विचारलं.

"माझ्या कामात नाही," विरूपाक्ष म्हणाला. "हात लावून बघा हवं तर."

आप्पाजींनी हात लावला नाही. चुलींच्या मागच्या भिंतीकडे ते नुसते बघत राहिले.

हाळगीच्या मठात दुपारी येईल त्याला जेवण मिळतं. त्याला दासोह म्हणतात. ही भिंत त्या दासोहाच्या स्वयंपाकघरातली. मठ सीमाभागातल्या तांबड्या, मऊ, भोकाभोकांच्या दगडात बांधलेला. भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडादगडांमधले सांधे, विरूपाक्षने दोन वर्षांपूर्वी सिमेंटने भरल्या होत्या. काम चोख. दोरी लावून आखल्यासारख्या सरळ, करड्या रेघा.

आणि आता त्या रेघांच्या शेजारचा दगड सोलून निघत होता. एके ठिकाणी तर बोट जाईल एवढी चीर पडली होती.

विरूपाक्ष पूर्वी पुण्यात इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचा. 'इथे राहू नका' असं त्याने लिहून दिलं की लोक मुकाट्याने सामान बांधायला लागत. असा माणूस एक दिवस सगळं सोडून मल्लय्या स्वामींच्या, म्हणजे आप्पाजींच्या पायाशी येऊन बसला. नोकरी सोडली, गाडी सोडली, फ्लॅट सोडला. 'माझंच खरं' एवढं मात्र सोबत घेऊन आला.

आप्पाजींनी मठाचा कारभार त्याच्या हाती दिला. खोटं कशाला बोला, त्याने तो उत्तम केला. छत गळायचं थांबलं. विहिरीचा कठडा नीट झाला. जेवणाच्या पंगती घड्याळावर बसू लागल्या. घंटा झाली की दार बंद, हा नियमही त्याचाच.

त्या नियमापायी सोमवारी गडबड झाली.

घंटा होऊन गेल्यावर एक नवरा-बायको आले. बाईच्या कडेवर लेकरू. गुरुपादय्याने त्यांना बसवलं आणि वाढायला घेतलं. गुरुपादय्या म्हणजे दासोहाचा आचारी. मठात चूल म्हटली की त्याचंच नाव निघायचं. विरूपाक्ष तिथे आला आणि भरल्या स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या देखत, त्याने गुरुपादय्याच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला.

गुरुपादय्याने खांद्यावरचं फडकं चुलीपाशी ठेवलं आणि चिंचोळीला बहिणीकडे निघून गेला. तो अजून परतला नव्हता. तो येऊन माफी मागेल, याची विरूपाक्ष वाट बघत होता.

म्हणून आज सकाळी आप्पाजींनी बोलावलं, तेव्हा तो सगळी उत्तरं तयार ठेवूनच आला. पण आप्पाजींनी विचारलं ते भिंतीचं.

"काढून दाखव," आप्पाजी म्हणाले.

"काय?"

"तुझी दरज. हातभर."

"निघायची नाही ती, आप्पाजी."

"बघू तरी."

विरूपाक्षने छिन्नी-हातोडा आणला. घाव घातला. सिमेंट जागचं हललं नाही. आणखी घातले. घाम फुटला, पण मनातून त्याला बरंच वाटत होतं. हे आपलं काम. छिन्नीला दाद देत नाही म्हणजे काय!

मग एकदम काड्कन आवाज झाला आणि अख्खा तुकडा त्याच्या हातात आला.

सिमेंट शाबूत होतं. एक ओरखडा तेवढा. पण दोन्ही बाजूंना दगडाची साल त्याला चिकटून निघाली होती, आणि मागच्या खळग्यातून ओलसर तांबडा भुगा खाली गळत होता.

"तुटली?" आप्पाजींनी विचारलं.

"दरज नाही तुटली..."

तो थांबला.

"दगड तुटला," तो म्हणाला.

आप्पाजींनी खळग्यातला भुगा मुठीत घेतला आणि विरूपाक्षच्या तळहातावर ओतला. मग ते पलीकडच्या, कोठीच्या भिंतीकडे गेले. विरूपाक्षही मूठ मिटून मागोमाग गेला.

या भिंतीला त्याने अजून हात लावलेला नव्हता. दरजा चुन्याच्या होत्या. आप्पाजींनी अंगठ्याच्या नखाने एक खरवडली. पांढरी पूड खाली पडली.

"कच्ची आहे," विरूपाक्ष म्हणाला. आवाजात जरा जीव आला होता.

"कच्ची आहे," आप्पाजींनी मान डोलावली. "आणि दगड?"

विरूपाक्षने दगडावरून बोट फिरवलं. कडा धारदार होत्या. घडवणाऱ्याच्या टाकीचे घाव जसेच्या तसे दिसत होते.

"ही कितीदा भरलीय?" त्याने विचारलं.

"कुणी मोजलंय? जरा झिजली, भुरभुरायला लागली, की जत्रेच्या आधी भरायची. मी भरली. माझ्या गुरूंनी भरली. त्यांच्या गुरूंनीही भरलीच असेल."

हे विरूपाक्षला ठाऊक नव्हतं असं नाही. मऊ दगडाला सांधा त्याहून मऊ हवा. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. चुलीच्या धगीने भिंत जराशी हलली, तर ते हलणं चुना आपल्या अंगावर घेतो. सिमेंट ओल सोडत नाही आणि हलतही नाही, मग सगळा मार दगड खातो. हे तो स्वतः दुसऱ्यांना सांगत आला होता. स्वतःच्या हातात थापी आली, तेव्हाच नेमका विसरला.

"मला वाटलं," तो हळूच म्हणाला, "एकदाच असं काम करावं, की पुन्हा हात लावायला नको."

"भिंतीला?"

"हो."

"पुन्हा हात लावायला नको..." आप्पाजी स्वतःशीच म्हणाले. "भिंतीनं तुझं काय घोडं मारलंय रे?"

विरूपाक्षला हसू आलं नाही. स्वयंपाकघरातून करपल्या भाताचा वास येत होता. गुरुपादय्या गेल्यापासून जो हाताला लागेल तो चुलीपुढे उभा राहत होता आणि रोज काहीतरी करपत होतं.

"आप्पाजी, तुम्हाला गुरुपादअण्णांबद्दल बोलायचंय. सरळ बोला की."

"मी भिंतीबद्दल बोलायलोय."

"मग मीच बोलतो." आणि तयार ठेवलेलं सगळं त्याने एका दमात बाहेर काढलं. एकाला सूट दिली की दहा जण मागतात. भांडी संध्याकाळपर्यंत पडून राहतात. रात्रीच्या प्रसादाला उशीर होतो. नियम सगळ्यांच्या सोयीचा होता. अण्णांना तो दहादा सांगितला होता. "मी वाकलो नाही, एवढाच माझा गुन्हा. मोडेन पण वाकणार नाही. स्वभावच आहे माझा."

आप्पाजींनी त्याच्याकडे वळून बघितलं.

"मोडलास?"

"...नाही."

"वाकलास?"

"नाही."

"मग मोडलं कोण रे?"

विरूपाक्षची मूठ अजून मिटलेली होती. ती त्याने उघडली. भुगा घामाने चिकट झाला होता.

त्याला सोमवार आठवला. ओगराळं काढून घेतल्यावर गुरुपादय्याचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला होता, रिकामा. समोर ते लेकरू ताटलीकडे बघत होतं. तेव्हा विरूपाक्षला फक्त घंटेनंतर उघडं राहिलेलं दार दिसलं होतं. तो हात आत्ता दिसला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"घेऊन येतो त्यांना," तो म्हणाला. "सांगतो, झालं गेलं विसरा. पण नियम जो आहे तो..."

आप्पाजींनी डोळे मिटले.

"बरं. अर्धी चूक तुमची, अर्धी माझी, असं म्हणतो. तेवढं तरी खरंच आहे ना?"

आप्पाजींनी डोळे उघडले.

"भिंत हलते, तेव्हा चूक चुन्याची असते का?"

"नाही."

"चीर कुठं पडते?"

विरूपाक्षने खाली पडलेल्या पांढऱ्या पुडीकडे बघितलं.

"...चुन्यात."

"चिंचोळीची वाट ठाऊक आहे ना?" आप्पाजींनी विचारलं, आणि ते पूजेला निघून गेले.

तो पोचला तेव्हा गुरुपादय्या बहिणीच्या ओट्यावर सुपात तूरडाळ निवडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"नियम सांगायला आलास?"

"चुकलं माझं, अण्णा."

गुरुपादय्याची बोटं थांबली. तो वाट बघत होता. विरूपाक्षच्या प्रत्येक कबुलीला 'पण'चं शेपूट असतं, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

शेपूट घशाशी आलंच होतं. पाण्याशिवाय कोरडी भाकरी गिळावी, तसं विरूपाक्षने ते गिळलं.

"सगळ्यांसमोर हातातलं ओगराळं काढून घ्यायला नको होतं," तो म्हणाला. "तेही सगळ्यांसमोर सांगेन. परत चला."

गुरुपादय्याने सुपातला एक खडा शोधून बाहेर फेकला.

"घंटा झाल्यावर कुणी उपाशी आलं, तर मी वाढणार. आत्ताच सांगायलोय. मागून कुरकूर नको."

"वाढा."

"आणि भांडी पडून राहिली तर?"

"मी घासीन."

"तुला येतात घासायला?"

"शिकवा."

घरातून बहिणीचं हसू ऐकू आलं. गुरुपादय्या हसला नाही. त्याने डाळ डब्यात ओतली, सूप झटकलं, आणि पायात वहाणा सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी पंगत बसल्यावर विरूपाक्षने सगळ्यांसमोर माफी मागितली आणि ओगराळं गुरुपादय्याच्या हातात दिलं. गुरुपादय्याने ते उलटसुलट करून बघितलं. "धुतलं नाही कुणी नीट," एवढंच म्हणाला, आणि वाढायला लागला. भात करपला नव्हता. पंगतीत दोन माणसं जास्तच जेवली.

मग विरूपाक्षने भिंत हाती घेतली. स्वतः घातलेलं सिमेंट स्वतःच काढायचं, तेही दगड न दुखावता. छिन्नी लहान झाली, घाव हलके झाले. मठाच्या परसात पाण्याखाली मुरत ठेवलेला चुना होता. त्यात वाळू घालून तो मळायचा, दरज ओली करायची आणि थापीने चुना आत दाबायचा. काम हळू चालायचं, पण हात बसला. लवकरच त्याला ते आवडायलाही लागलं. रोज दुपारी भांडी, मग भिंत.

जत्रेच्या थोडे दिवस आधी आप्पाजी बघायला आले. बरीचशी भिंत भरून झाली होती. करड्या रेघा गेल्या होत्या आणि तांबड्या दगडांमध्ये पांढऱ्या, जराशा वाकड्या दरजा दिसत होत्या. विरूपाक्षचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि चेहरा उजळला होता.

"जत्रेआधी होतंय बघा," तो म्हणाला. "दगड वाचला, आप्पाजी."

"हं."

"आणि अण्णांचं आणि माझंही मिटलं. आता कायमचं."

तेवढ्यात चुलीपलीकडून गुरुपादय्याचा आवाज आला. "इंजिनियरसाहेब! पातेलं घासलंय का नुसतं दाखवून आणलंय पाण्याला? बुडाला भात तसाच आहे की! डोळे पुण्यातच ठेवून आलास काय?"

चार जण हसले. काल ते पातेलं घासलं होतं दुसऱ्याच कुणी. त्याने तोंड उघडलं, आणि पहिला शब्द 'पण' होता.

आप्पाजी खाली वाकले. भिंतीपाशी पडलेली थापी त्यांनी उचलली. तिच्यावरचा चुना वाळत आला होता. त्यांनी ती विरूपाक्षच्या हातात दिली.

"धुऊन ठेव," ते म्हणाले. "पुन्हा लागणार आहे."