खुर्चीवरची टोपी

“मग मी परत येऊ का, अण्णा? सरळ सांगा.”

अण्णा सोवनी ओसरीवर खुर्ची टाकून शेंगा सोलत बसले होते. “चहा घेतोस?”

“अण्णा!”

हेरंब सकाळच्या गाडीनं मुंबईहून सांगलीला आला होता. खांद्यावरची पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. याच ओसरीवर अण्णांनी त्याला सात वर्षं नाटक शिकवलं. पुढे दोघांनी एका नाटकाचे दोनशे प्रयोग केले; अण्णा बाप आणि हा मुलगा. मग गड्याला मालिका मिळाली, शाळेतली नोकरी सोडून गेला, आणि तीन आठवड्यांत तोंड पाडून हजर.

“काढताहेत मला. सोमवारी नक्की सांगणार. म्हणे, तुमचं पात्र दुबईला पाठवून देऊ.”

“का रे?”

“अहो, काही नाही. कुमुदताई माझी आई झाल्यात, त्यांचा-माझा सीन होता. आधी कॅमेरा माझ्यावर लावला, ताई त्याच्याशेजारी उभ्या. एका टेकमध्ये ओके, अण्णा! लाइटवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.”

“वा! मग?”

“मग कॅमेरा फिरवून ताईंवर लावला. त्यात मी दिसणारच नव्हतो. नुसतं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून माझी वाक्यं म्हणायची. हे काय नटाचं काम झालं? मी गेलो मेकअप रूममध्ये.”

“आणि त्या?”

“माझ्या जागी एका स्टँडला पिवळी चिकटपट्टी लावली. म्हणे, ताई, इथं बघून बोला. माझी वाक्यं असिस्टंटनं वाचली. नऊ टेक लागले त्यांना, नऊ! चाळीस वर्षं काम करताहेत आणि रडूच येईना. दिवस वाया गेला, खापर माझ्या डोक्यावर.”

“त्यांनी तक्रार केली?”

“नाही...” हेरंबनं पिशवी खाली ठेवली. “काहीच बोलल्या नाहीत. जेवताना मला त्यांच्या डब्यातली भाजी वाढली.”

जरा अवघडला बिचारा. पण लगेच कबूल करेल तर तो हेरंब कसला!

“ते जाऊ दे, अण्णा. खरं काम आपलं नाटकातच.”

अण्णांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“तिसऱ्या अंकातलं म्हण.”

“आत्ता?”

“आत्ता.”

तिसऱ्या अंकात मुलगा बापाला जाब विचारतो. दोनशे प्रयोगांत त्या भाषणाला हेरंबचे डोळे एकदाही कोरडे राहिले नव्हते. तो खुशीत उभा राहिला.

“बाबा, त्या दिवशी मी दारात उभा होतो...”

अण्णा उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली.

“तिच्याशी बोल,” म्हणाले, आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

आत कपबशा वाजल्या. मग बापाचं वाक्य ऐकू आलं, वाण्याची यादी वाचावी तसं. “बोल बाळा. ऐकतोय मी.”

हेरंबनं टोपीकडे बघितलं.

“बाबा, त्या दिवशी मी...”

भाषण पाठ होतं, शब्द न् शब्द. पण तोंडातून नुसते शब्दच येत होते. त्यानं पुन्हा सुरुवात केली. मग पुन्हा. डोळ्यांत टिपूस नाही. त्याला भयंकर लाज वाटली.

“अण्णा, बाहेर या ना...”

आत चहा ओतल्याचा आवाज आला.

“तुम्ही समोर नसलात तर नाही हो जमत मला!”

अण्णा दोन कप घेऊन बाहेर आले. एक त्याच्या हातात दिला. टोपी उचलून डोक्यावर घातली, खुर्चीत बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले, प्रयोगात बघायचे तसे.

हेरंबचे डोळे भरून आले. चहा तसाच हातात राहिला.

अण्णांनी हळूच विचारलं, “कुमुदताईंना किती टेक लागले म्हणालास?”