भिवसेनने बॅटरी भरली

कुसळवाडीत भिवसेन नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. कुणी काही सांगितलं की मन लावून ऐकायचा. पंचाईत एवढीच, की ऐकलेलं लगेच करायचाही.

त्याच्या घरी सोलर बसलं. गच्चीवर प्लेट, खाली कोपऱ्यात बॅटरी. अल्ताफ मिस्त्री जाताना म्हणाला, "प्लेटला जिवापाड जपा."

भिवसेनने प्लेटवर गोधडी घातली. संध्याकाळी दिवा लागेना. बायको हौसा वर जाऊन बघते, तर प्लेट गाढ झोपलेली.

"अहो, तिला उन्हात उघडी ठेवा! ऊन मिळालं की बॅटरी भरते, मग रात्री दिवे लागतात."

"असं होय! आता नाही विसरणार," भिवसेन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हौसा शेतावर निघाली. "तेवढा हंडा भरून ठेवा."

भिवसेनने रिकामा हंडा गच्चीवर उन्हात ठेवला. दुपारी हौसा तहानेनं व्याकूळ होऊन आली. हंडा नुसता तापला होता.

"उन्हानं हंडा भरतो होय? पाणी ओतलं की भरतो!"

"असं होय! आता नाही विसरणार."

संध्याकाळी दिवा मिणमिणू लागला. बॅटरी रिकामी झाली म्हणून भिवसेन तांब्याभर पाणी घेऊन तिच्याकडे निघाला. नशीब, अल्ताफ मिस्त्री काम बघायला आला होता. त्याने तांब्या हिसकावला.

"दादा, मारता काय तिला? वर प्लेटवर बोटभर धूळ आहे. बॅटरी उतरली की वर जायचं. दक्षिणेला तोंड, जरा तिरकं, ऊन सरळ अंगावर, आणि ओल्या फडक्यानं पुसायचं. बास!"

"असं होय! आता नाही विसरणार."

तिसऱ्या दिवशी लेकीला, शेवंतीला, बघायला मुलाचे वडील आबासाहेब आले. फाट्यापासून चालत, भर उन्हात. ओसरीवर मटकन बसले आणि म्हणाले, "भिवसेनराव, आमची बॅटरी पार उतरली बघा."

भिवसेन ताडकन उठला. "चला वर. आत्ता बरं वाटेल."

वर वारा असेल म्हणून आबासाहेब गेले आणि तिथल्या बाजेवर आडवे झाले.

हौसा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, तर पाहुणे गायब. वरून आरडाओरडा. ती धावत गच्चीवर गेली. बाजेचे दोन पाय विटांवर चढवलेले. बाजेवर दोरीनं बांधलेले आबासाहेब, तोंड दक्षिणेला. भिवसेन त्यांचं टक्कल ओल्या फडक्यानं पुसतोय.

हौसानं दोरी सोडली. आबासाहेब तीन-तीन पायऱ्या एकदम उतरले आणि चपला तिथंच टाकून फाट्याकडे सुसाट पळाले.

हौसानं कपाळाला हात लावला. भिवसेन मात्र खूश होता.

"बघ हौसे, आले तेव्हा पाऊल उचलत नव्हतं. अर्ध्या तासात फुल्ल!"