द्वारकाबाईंचं पथ्य

“मग माझं चुकतंय कुठे, बाबा?”

प्रश्न विचारल्यावर माणसानं उत्तराची वाट बघावी. वल्लभला ते कधी जमलं नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

आईला मंदाग्नी झालाय, म्हणजे जठरातला अग्नी विझत आलाय, म्हणून तिला भूक लागत नाही. न पचलेल्या अन्नाचा आम साठला असेल म्हणून सुंठीचं पाणी दिलं. आतड्यांची झाडलोट व्हावी म्हणून फायबर वाढवलं. पोटातले चांगले जिवाणू जगावेत म्हणून ताक सुरू केलं, त्याला प्रोबायोटिक म्हणतात. दूध आणि केळं एकत्र घेणं हे विरुद्धाशन, तेही बंद केलं. तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. तरी आई दोन घास खाते आणि म्हणते, पोट भरलं.

सोमगिरीबाबा ऐकत होते आणि चुलीत काटक्या सारत होते.

नदीकाठच्या त्या मठीत लोक पोटाच्या तक्रारी घेऊन येत. बाबा त्यांना नेमकं काय देत, हे कुणालाच धड सांगता येत नसे. पण आलेला माणूस जाताना भाकरी मागून खाई, एवढं खरं. वल्लभ इथेच शिकला होता. पुढे शहरात जाऊन पोषणशास्त्रही शिकून आला आणि तालुक्याच्या गावी त्यानं निसर्गोपचार केंद्र काढलं.

शब्दांची त्याला कधी ददात पडली नाही. समोरच्याच्या ताटात मटकी दिसली की हा प्रोटीनवर बोलू लागे. लोक ऐकत, आणि बरेही होत, खोटं कशाला बोला.

घरात मात्र आई वाळत चालली होती.

गावात कुणीतरी म्हणालंच, लोका सांगे ब्रह्मज्ञान. ते त्याला झोंबलं. पण परवा हात धुताना आईच्या हातातली बांगडी सुळकन मोरीत पडली, तेव्हा तो खरा घाबरला. इतकं बारीक मनगट त्यानं कुणाचं पाहिलं नव्हतं. हे असंच चाललं तर आई हातची जाईल, हे कळायला कुठलं शास्त्र लागत नाही. तसाच तो तिला घेऊन मठीत आला होता.

द्वारकाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. एवढ्या भल्या माणसापुढे आपल्या पोटाची गाऱ्हाणी चाललेली ऐकून त्या अगदी संकोचल्या होत्या.

“माई,” बाबा म्हणाले, “घरी जेवायला कोण कोण असतं?”

“मीच की. हा बसतो समोर.”

“आणि हा कधी जेवतो?”

वल्लभची कळी खुलली. तो एकभुक्त राहत होता. दिवाळीपासून दिवसाकाठी एकच जेवण, तेही संध्याकाळी, केंद्रावर, शिबिरातल्या लोकांबरोबर. त्यामुळे पचनसंस्थेला विसावा कसा मिळतो, शरीर साठवलेली चरबी कशी वापरतं, अंग कसं पिसासारखं हलकं होतं, हे सगळं त्यानं सांगितलं. सकाळी आईचं ताट तो स्वतः वाढतो, तिच्यापुढे बसतो, आणि ताटातल्या कशात काय आहे तेही समजावून सांगतो. आणखी मुलानं काय करायचं?

तो बोलत होता तोवर द्वारकाबाई नदीकडे बघत होत्या.

“हं…” बाबा म्हणाले.

वल्लभचे वडील गेले तेव्हा तो रांगत होता. तेव्हापासून त्या घरात एकच रीत होती. आधी लेकरू जेवायचं, मग आई. ही रीत कुणी घालून दिली नव्हती आणि तिला कुठल्या शास्त्रात नाव नव्हतं. म्हणून वल्लभच्या ती कधी ध्यानातच आली नाही.

बाबांनी भाकरी थापली. ती तव्यावर फुगली तसा मठीत खरपूस वास सुटला. त्यांनी द्वारकाबाईंपुढे पान मांडलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि फोडलेला कांदा.

वल्लभ सरसावून आईपुढे बसला. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणाला, ते बरं. पण बेसन वातूळ, तेव्हा पिठलं बेतानं घे. आणि एकेक घास बत्तीस वेळा चावायचा.

द्वारकाबाईंनी तुकडा मोडला, पिठल्याला लावला, उचलला. समोर लेकाचं तोंड होतं, सुकलेलं…

तुकडा पानात परत गेला.

“पोट भरलं हो, बाबा.”

सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

बाबांनी दुसरं पान आणलं, द्वारकाबाईंच्या पानाशेजारी मांडलं, त्यावर गरम भाकरी टाकली आणि वल्लभकडे पाहिलं.

“बस.”

“बाबा, माझी वेळ संध्याकाळची आहे. मध्येच खाल्लं तर सगळी साखळी…”

“बस.”

बाबा तिसऱ्यांदा सांगत नाहीत, हे वल्लभला पूर्वीपासून ठाऊक होतं. तो उठला, हात धुतले आणि व्रत मोडायला निघालेल्या माणसाचा चेहरा करून आईशेजारी येऊन बसला.

पहिला घास त्यानं मोजून चावला. दुसऱ्याला ठेचा लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यापासून मोजणं सुटलं. पुढे तो काय खातोय त्याचं नाव सांगायलाही विसरला. दिवाळीपासूनची भूक होती ती. आजवर तिला तो हलकेपणा म्हणत आला होता.

द्वारकाबाई बघत होत्या. मग त्यांनी आपल्या पानातली कांद्याची फोड उचलून त्याच्या पानात सरकवली.

“घे. तुला लागतो.”

आणि मग त्यांचा हात आपल्या पानाकडे गेला.

खाली नदी वाहत होती, चुलीतलं लाकूड तडतडत होतं, आणि मायलेकरं शेजारी बसून जेवत होती. बाबा तेवढे भाकरी थापत होते. ते मनातून खूश होते आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

“बाबा…” द्वारकाबाई नव्या नवरीसारख्या लाजून म्हणाल्या, “अर्धी वाढता का?”

बाबांनी अख्खी वाढली.

वल्लभचा घास हातातच राहिला. कित्येक महिन्यांत आईनं स्वतःहून काही मागितलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. हसावं की रडावं ते त्याला कळेना, तेव्हा त्यानं जे त्याला येत होतं तेच केलं. प्रश्न विचारला.

“बाबा, हे कशानं झालं? भाकरीनं? ठेच्यानं? याला शास्त्रात काय म्हणतात?”

बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते शेजारच्या पानाकडे बघत होते.

द्वारकाबाईंचाही हात थांबला होता…

“जेव,” बाबा म्हणाले. “तिचं औषध गार होतंय.”